उधाणाची ओहोटी तीच, बारीक मासळी मात्र दुसऱ्या काठाला

पौर्णिमेनंतरचे सलग दोन दिवस. खाडीचं एकच तोंड, दोन्ही दिवशी उधाणाचं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरती-ओहोटीचं पाणी, आणि भरतीच्या तक्त्यातल्या उंचीत नाव घेण्याजोगा फरक नाही. तरीही पहिल्या दिवशी बारीक मासळी दक्षिणेच्या वाळूच्या दांड्याला धरून होती आणि उत्तरेच्या खडकाखाली पाणी ओकंबोकं होतं. दुसऱ्या दिवशी दांडा रिकामा. ओहोटीभर मासळी बाहेर समुद्रात, काठावरून फेकलेला गळ पोचणार नाही इतक्या लांब. भरती लागल्यावर मात्र ती थेट खडकाच्या पायथ्याशी आली. या दोन दिवसांत ठळक असा बदल झाला होता तो वाऱ्यात.

बारीक मासळी म्हणजे इथे तारली, अँकोव्ही, बोयांची पिल्लं असे बोटभर ते वीतभर लांबीचे मासे. यांच्या मागावर जिताडा, ट्रेव्हली असे मोठे शिकारी मासे येतात आणि त्यांच्या मागावर आपण. गळाने मासेमारी करणारे बहुतेक जण वेळ तक्त्यावरून ठरवतात आणि जागा सवयीने. या प्रकरणात तक्त्याची वेळ थोड्या फरकाने लागू पडली आणि सवयीची जागा साफ निरुपयोगी ठरली. तसं का झालं हे पाण्यावर दिसत होतं, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

जागेची ठेवण

खाडीचं तोंड पश्चिमेला उघडतं. उत्तरेला खडकाचं टोक आहे आणि मुख्य खोल पात्र त्याच्या पायाला लागून वाहतं. दक्षिणेकडून वाळूचा दांडा आत घुसलेला आहे. दांड्याच्या आतल्या बाजूला पाणी उथळ. तोंडातून आत गेलं की पात्र एकदम रुंद होतं आणि त्याच्या आग्नेय कोपऱ्यात चिखलाची सपाट जमीन व त्यामागे खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल आहे. या चिखलावर भरतीला पाणी पसरतं. ओहोटीला ते एका ओहळातून, दांड्याच्या आतल्या कडेने वाहत येऊन दांड्याच्या टोकाशी मुख्य पात्रात पडतं. गुडघाभर खोलीचा ओहळ जिथे खोल पात्राला मिळतो, तिथे तळाला उभी पायरी आहे.

ओहोटीला खडकाच्या टोकामागे एक भोवरा तयार होतो. पाणी टोकाला वळसा घालून जाताना आडोशाला मागे फिरतं, आणि जोराच्या धारेत टिकू न शकणारे छोटे मासे तिथे थांबतात. म्हणून ही इथली नेहमीची जागा. ती चुकीची नाही. बहुतेक दिवस ती खरोखर चालते. ती का चालते हे कळलं की ती कधी चालणार नाही हेही कळतं, आणि त्याचं उत्तर माशाच्या अंगातल्या ताकदीत आहे.

छोटा मासा बराच वेळ न थकता पोहू शकतो तो साधारणपणे सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दोन ते तीन पट वेगाने. जीव वाचवायला तो क्षणभर लांबीच्या दहापट वेगाने सुटतो, पण तो वेग काही सेकंदच टिकतो. आता ८ सेंटीमीटरची तारली घ्या. तिचा टिकाऊ वेग सेकंदाला १६ ते २४ सेंटीमीटर. उधाणाच्या ओहोटीला अशा अरुंद तोंडात धार सहज २ नॉट, म्हणजे सेकंदाला जवळपास १ मीटर होते. त्या धारेपुढे तारलीला दोनच वाटा उरतात. वाहून जायचं, किंवा पाण्याचा वेग कमी असेल असा आडोसा गाठायचा. भरती-ओहोटीचं मासळीवर जे राज्य आहे ते या आकड्यांतून आलेलं आहे. उधाण जितकं मोठं तितके आडोसे मोजके, आणि जे उरतात तिथे गर्दी दाट.

तक्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही

पहिल्या दिवशी पूर्ण भरती सकाळी ६:४० ला होती आणि पूर्ण ओहोटी १२:५० ला. दुसऱ्या दिवशी ७:२० आणि १:३०. भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाच्या दिवसांत ती त्याहून कमी सरकते आणि भांगाच्या, म्हणजे अर्ध्या चंद्राच्या सुमारास येणाऱ्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत जास्त. इथला ४० मिनिटांचा फरक म्हणूनच उधाणाला शोभणारा आहे.

तक्त्यातले आकडे चंद्र-सूर्याच्या गतीवरून काढलेले असतात. त्या दिवशीचा वारा आणि हवेचा दाब त्यात नसतो, असूही शकत नाही. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला तर समुद्राची पातळी सुमारे १ सेंटीमीटरने चढते. समुद्राकडून सतत वारा असेल तर तो किनाऱ्याशी पाणी रेटून धरतो, आणि लाटा उथळ जागी फुटत राहिल्या की त्यांच्यामुळेही आतलं पाणी फुगतं. वाऱ्याचा हा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला तर रेटा चौपट. शिवाय पाणी जितकं उथळ तितका फुगवटा अधिक.

आणखी एक गोष्ट तक्ता सांगत नाही. तक्त्यातली वेळ पातळीची असते, धारेची नव्हे. अरुंद तोंडामागे मोठं पात्र असलेल्या खाडीत बाहेर पूर्ण ओहोटी झाल्यावरही आतलं पाणी उंच असतं, त्यामुळे ते बाहेर वाहतच राहतं. या तोंडाशी धार थांबते ती तक्त्यातल्या वेळेनंतर अर्ध्या-पाऊण तासाने. बाराव्या भागाचा ठोकताळा अनेकांना माहीत असेल: सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या भागांनी उतरतं, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी निघून जातं. मोकळ्या किनाऱ्यावर तो चांगला उपयोगी पडतो. खाडीच्या आत, चिखलाच्या सपाटीवर, तो जसाच्या तसा लावू नये.

पहिला दिवस: वायव्येचा वारा

वारा सुटून त्या दिवशी तिसरा दिवस होता. वायव्येकडून १७-१८ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९ मीटर. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्टच्या मापनात पाचव्या क्रमांकाचा. समुद्रावर सगळीकडे पांढरे फेसाळ तुरे. मंडळी दोन्ही काठांवर विभागून उभी होती. नेहमीच्या समजुतीप्रमाणे जास्त गर्दी खडकावर होती.

ओहोटीचे पहिले दोन तास खडकाखाली काहीच हललं नाही. भोवरा होता, पण नावापुरता. बाहेर धावणाऱ्या पाण्यावर वारा समोरून तिरका येत असल्याने लाटा आखूड आणि उभ्या झाल्या होत्या. त्या खडकावर आपटून मागे फिरत होत्या आणि पुढच्या लाटेत मिसळत होत्या. आडोशाचं सगळं मोल तिथल्या संथ पाण्यात असतं, आणि संथ असं तिथे काही उरलंच नव्हतं. थव्याने पोहणारा मासा शेजाऱ्याशी अंतर राखतो ते डोळ्यांनी आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने, म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या इंद्रियाने. उसळत्या, बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यात ही दोन्ही साधनं कमकुवत होतात. मासळी अशा जागी थव्याने थांबत नाही.

बारीक मासळीवर सूर मारणारे सुरय पक्षी आत होते, आग्नेय कोपऱ्यावर. पहिला धागा तिथे सापडला.

वाऱ्याने ओढलेला पाण्याचा वरचा थर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने चालतो. सेकंदाला ९ मीटर वारा असेल तर पृष्ठभाग सेकंदाला २५-२७ सेंटीमीटर, म्हणजे तासाला जवळजवळ १ किलोमीटर सरकतो. भर धारेत हा वेग ध्यानात येत नाही, कारण धार त्याच्या तिप्पट-चौपट असते. पण पूर्ण भरतीच्या आसपास, जेव्हा आतलं पाणी तासभर जवळपास थांबलेलं असतं, तेव्हा वाऱ्याला मोकळं रान मिळतं. त्या सकाळी भरती भरून पाणी थांबलं तेव्हा आतल्या रुंद पात्रातलं वरचं पाणी आणि वर राहू पाहणारे सूक्ष्म जीव वारा आग्नेयेकडे सारत होता. परात जराशी कलती धरली की पाणी एका कडेला जमावं, तसं.

अशा पात्रात सगळं पाणी वाऱ्यामागे जात नाही, हे इथे महत्त्वाचं. कडेच्या उथळ पाण्याला वारा सहज हलवतो, म्हणून तिथे प्रवाह वाऱ्याच्या दिशेने होतो. रेटलेलं पाणी परत फिरतं ते मधल्या खोल पात्रातून, वाऱ्याच्या उलट दिशेने. त्यामुळे अन्न वाहून नेणारा प्रवाह उथळ कडेकडेने कोपऱ्याकडे जातो आणि खोल पात्र तुलनेने ओसाड राहतं. तारली आणि अँकोव्ही तरंगत्या सूक्ष्म जीवांवर जगतात, त्या अन्नामागे गेल्या. बोयांच्या पिल्लांचं कारण वेगळं. बोय चिखलावरची शेवाळाची आणि कुजक्या अंशांची साय खरवडून खाते, तिला तरंगत्या जीवांशी फारसं देणंघेणं नाही. तिला हवा असतो नुकताच पाण्याखाली आलेला चिखल, आणि त्यावर जास्तीत जास्त वेळ. वाऱ्याने तेही दिलं.

चिखलात रोवलेल्या एका खांबावर भरतीच्या खुणा आहेत. ओहोटीच्या तिसऱ्या तासाला तिथे पाणी अपेक्षेपेक्षा चार बोटं जास्त होतं. चार बोटं म्हणजे सुमारे ७ सेंटीमीटर. खोल पात्रात त्याला काही किंमत नाही. पण चिखलाचा उतार हजारात एक असेल तर ७ सेंटीमीटर म्हणजे ७० मीटर रुंदीचा पट्टा अजून पाण्याखाली आहे, आणि त्यावर मासळी अजून चरते आहे. सपाट चिखलाच्या बाबतीत मला हा हिशेब सगळ्यांत मोलाचा वाटतो. उंचीतला किरकोळ फरक तिथे अंतराचा आणि वेळेचा मोठा फरक होऊन समोर येतो.

मासळी ओहळाच्या तोंडाशी आली ती नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा, चौथा तास सुरू होताना. पण आली ती एकदम, कारण तोवर कोपऱ्यातलं पाणी झपाट्याने उतरू लागलं होतं आणि बाहेर पडायला वाट एकच होती. ओहळाच्या कडेला, आतल्या बाजूला तोंड करून, गुडघाभर पाण्यात थवे धारेशी झगडत होते. दांड्याच्या टोकाशी ओहळाचं तपकिरी पाणी मुख्य पात्रातल्या हिरवट पाण्याला मिळत होतं, तिथे रंगाची स्पष्ट सीमा आणि तिच्यावर फेसाची रेघ. शिकारी मासे त्या सीमेच्या हिरव्या अंगाला, पायरीखाली. गढूळ पाण्यातून बाहेर पडणाऱ्या माशाला समोरचं दिसायच्या आत ते उचलत होते. मिळालेल्या जिताड्याच्या पोटात अर्धवट पचलेलं काहीच नव्हतं. ताजी बोयांची पिल्लं आणि चिखलातली कोळंबी होती. खाणं नुकतंच सुरू झालं होतं आणि ते चिखलावरून उतरणाऱ्या पाण्याबरोबर येत होतं, याचा याहून सरळ पुरावा मागायला नको.

गळ टाकायची रीतही जागेने ठरवली. दांड्यावरून आमिष सरळ पायरीवर टाकलं तर धार ते क्षणात बाहेर नेत होती. ओहळाच्या गढूळ पाण्यात वरच्या अंगाला टाकून, दोरी ताणून पण न ओढता, ते सीमेपर्यंत वाहत येऊ द्यायचं. सीमा ओलांडताना ते हिरव्या पाण्यात शिरतं आणि पायरीवरून खाली उतरतं. चावा तिथेच. वारा तिरका तोंडावर येत असल्याने हलकं आमिष पोचत नव्हतं, दोरीला पोट येत होतं. ज्यांनी जड आमिष लावलं आणि रॉडचं टोक पाण्याजवळ धरलं, त्यांना ते साधलं. वारा ज्या काठावर आदळतो तो काठ उभं राहायला त्रासाचा असतो, म्हणून माणसं पाठीवर वारा घेऊन दुसऱ्या काठावर जातात. अन्न मात्र बऱ्याचदा वारा आदळणाऱ्या काठाला जमतं. अंगावर पाणी घेऊन तिथे उभं राहण्याची तयारी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

याच पाण्यात होडी घालणं ही वेगळी बाब. ओहोटी बाहेर धावत असताना समुद्राकडून जोराचा वारा असेल, तर तोंडाशी लाटा उभ्या राहून फुटतात आणि छोटी होडी आडवी होते. त्या दिवशी कुणी बाहेर गेलं नाही, आणि जायला नकोच होतं. दांड्यावर उभं राहणाऱ्यांनीही परतीची वाट भरतीआधी मोकळी असल्याची खात्री करावी. उधाणात दांड्याचा सखल भाग आधी बुडतो आणि टोक मागे एकटं राहतं.

फेसाच्या दोन जातींच्या रेघा

आतल्या पात्रावर त्या दिवशी फेसाच्या अनेक रेघा होत्या, एकमेकींना समांतर, वायव्य-आग्नेय लांबलेल्या. काही जणांनी त्यांच्यावरच नेम धरला. त्या रेघा वाऱ्याच्या. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युअर यांनी १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना तरंगत्या सरगॅसम शेवाळाच्या अशाच लांबच लांब ओळी वाऱ्याच्या दिशेत पाहिल्या, पुढे सरोवरात प्रयोग केले आणि १९३८ मध्ये कारण मांडलं. वाऱ्याखाली पाण्याचे आडवे, लांब, शेजारी-शेजारी उलटसुलट फिरणारे रूळ तयार होतात. दोन रूळ जिथे एकमेकांकडे येऊन खाली बुडतात, तिथे तरंगणारं सगळं ओळीत जमतं. या ओळींतही सूक्ष्म जीव गोळा होतात आणि उघड्या समुद्रात मासळी त्यांच्यामागे लागते. पण वाऱ्याची दिशा बदलली की ओळी काही मिनिटांत मोडतात आणि नव्या दिशेत उभ्या राहतात.

दोन पाण्यांच्या सांध्यावरची रेघ निराळी. ती तळाच्या ठेवणीला आणि धारेला बांधलेली असते. तिच्या दोन बाजूंना पाण्याचा रंग वेगळा, लाटांची चाल वेगळी, बऱ्याचदा तापमानही वेगळं. वारा झुकला तरी ती थोडी वाकते, पण जागा सोडत नाही. काठावरून गळ टाकणाऱ्याने आधी ही रेघ शोधावी. एकाच वेळी अनेक समांतर रेघा दिसल्या तर त्या वाऱ्याच्या. एकच, वाकडी, दोन रंगांमधली दिसली तर ती आपली.

दुसरा दिवस: जमिनीकडचा वारा

रात्रीत वायव्येचा जोर पडला. पहाटेपासून पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे, ८ नॉटचा शांत वारा. खडकाजवळचं पाणी सपाट झालं, भोवरा नीट दिसू लागला, आणि आदल्या दिवशी दांड्यावर मासे मिळालेले लोक पुन्हा दांड्यावर गेले.

आत रेटून धरलेलं पाणी आता मोकळं होतं. खांबावरची पातळी तक्त्याशी जुळत होती आणि चिखल वेळेवर उघडा पडला. कोपऱ्यात अन्न जमवणारा वारा नसल्याने तिथे गेलेली मासळीच मुळात थोडी. ओहळातून बोयांचे काही थवे दुसऱ्या तासातच उतरून गेले, तेव्हा धार अजून भरात यायची होती, त्यामुळे ते पायरीवर अडकले नाहीत. तिसऱ्या तासाला दांडा रिकामा होता. खडकाखालच्या भोवऱ्यात अगदी लहान पिल्लं होती, पण त्यांच्यामागे कुणी आलेलं नव्हतं.

पक्षी या वेळी बाहेर, समुद्रात, एका लांब वळणदार रेघेवर. खाडीचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारट, म्हणून हलकं. ओहोटीला ते समुद्रावर पातळ थरासारखं पसरतं. त्या थराची पुढची कड जिथे समुद्राच्या जड पाण्याला भिडते तिथे दोन्ही बाजूंचं वरचं पाणी एकत्र येऊन खाली जातं आणि फेस, काटक्या, पानं, सूक्ष्म जीव वर राहतात. आदल्या दिवशी वायव्येच्या वाऱ्याने आणि लाटांनी हा थर घुसळून, किनाऱ्याशी दाबून टाकला होता. कड बनलीच नव्हती. आज धार आणि वारा एकाच दिशेला असल्याने थर शाबूत राहून लांबवर पसरला. पोटात खाडीचं सगळं अन्न घेऊन निघालेल्या त्या पाण्याच्या कडेवर तारल्या, तारल्यांवर सुरय आणि खालून ट्रेव्हली. काठावरून पाहण्यापलीकडे काही करता येण्यासारखं नव्हतं.

करायचं होतं ते एकच: कड परत येण्याची वाट पाहणं. दीडच्या तक्त्यातल्या ओहोटीनंतरही धार दोन वाजून गेले तरी बाहेरच जात होती. बरेच जण याच सुमारास सामान आवरून निघाले. सव्वादोनच्या आसपास ती थांबली, आणि मग समुद्राचं पाणी आत येऊ लागलं. जड समुद्रपाणी खाडीच्या हलक्या पाण्याखाली घुसतं आणि वर फेसाची रेघ तोंडाच्या आत वाकते, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, टोक आतल्या बाजूला. बाहेर पसरलेली कड आता या तोंडात गोळा होत होती. शेकडो मीटर रुंदीवर विखुरलेली मासळी एका अरुंद दारातून आत यायला निघाली आणि तिची वाट खोल पात्रातून, म्हणजे खडकाला लागून होती. पुढचा तासभर आमिष खडकापासून दहा-बारा मीटरवर पडलं तरी पुरत होतं. लांब फेकणाऱ्यांना काही मिळालं नाही. रेघ त्यांच्या पायाशी होती.

भरतीच्या पाण्यावर बसून आत येणं ही सागरी जीवांची जुनी युक्ती आहे. कोळंबीची पिल्लं आणि सापासारख्या लांबट इल माशांची कोवळी पिल्लं भरतीला वरच्या थरात येतात आणि ओहोटीला तळाशी जाऊन थांबतात. उत्तर समुद्रातल्या प्लेस नावाच्या चपट्या माशाला आवाजाच्या खुणेचं यंत्र लावून माग काढला, तेव्हा तोही सोयीच्या प्रवाहात तळ सोडून वर येतो आणि उलट प्रवाहात तळाला बसतो असं १९७० च्या दशकात दिसलं. पोहून जितकं अंतर कापता येणार नाही तितकं पाणीच त्यांना वाहून नेतं. या पिलावळीवर जगणारी बारीक मासळी त्याच पाण्याबरोबर दारात येते यात नवल नाही.

आणखी कशाने हे झालं असेल का

पाणी गार झालं म्हणून मासळी हलली, असं काहींचं म्हणणं पडलं. दोन्ही दिवशी त्याच जागी घेतलेल्या तापमानात एक अंशाचाही फरक नव्हता. तापमानाचा मुद्दा मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर फार मोठा असतो, हे खरं. नॉर्वेचे संशोधक नॅन्सेन १८९३ ते १८९६ च्या आर्क्टिक सफरीत असताना त्यांना बर्फ वाऱ्याच्या दिशेत न जाता उजवीकडे झुकून सरकताना दिसलं. स्वीडनचे शास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं. पृथ्वी फिरत असल्याने खोल समुद्रात वाऱ्याने हललेल्या थराचं एकूण वहन उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे होतं, दक्षिण गोलार्धात डावीकडे. म्हणून किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा योग्य दिशेने काही दिवस टिकला तर वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर जातं आणि खालून गार, पोषक पाणी वर येतं. पेरू आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवरची अँकोव्ही-तारलीची समृद्धी यावर उभी आहे. मात्र दोन-तीन मीटर खोलीच्या खाडीत तळाचं घर्षण इतकं असतं की हे वळण जवळपास नाहीसं होतं. तिथे वारा जिकडे, वरचं पाणी तिकडे, असं धरून चालावं.

शिकारी माशांनी मासळीला एका काठावरून दुसऱ्या काठावर हुसकावलं, हे दुसरं स्पष्टीकरण. ते मला पटत नाही, कारण दोन्ही दिवशी शिकारी मासे मासळीनंतर आले. पक्षी आधी, थवे मग, चावे शेवटी.

गढूळपणाचा वाटा मात्र नक्की आहे. वाऱ्याने चिखल ढवळला जातो आणि वारा पडल्यावरही पाणी निवळायला एक-दोन भरत्या जातात. दुसऱ्या दिवशी ओहळाचं पाणी अजून तपकिरी होतं, रंगाची सीमाही होती, मासळीच नव्हती. म्हणजे नुसती रंगाची रेघ पुरेशी नाही, तिच्या वरच्या अंगाला मासळी गेलेली असायला हवी. ती गेली आहे का, हे आधीच्या भरतीत वारा कुठून होता यावर ठरतं. काठावर पोचल्यावर अंगाला लागणारा वारा अर्धीच गोष्ट सांगतो. आदल्या रात्रीपासून, विशेषतः पाणी पूर्ण भरून थांबलं असताना वारा कुठून वाहत होता, ते आधी विचारावं.

आठवड्याने, भांगात

त्याच आठवड्याच्या शेवटी वायव्येचा वारा पुन्हा तितक्याच जोराने सुरू झाला, पण चंद्र अर्धा होता आणि पाणी भांगाचं. दांड्याच्या टोकाशी पहिल्या दिवसासारखं काही घडेल या आशेने लोक तिथे जमले. मासळी आली नाही. भांगात भरती चढते कमी आणि उतरते कमी. वाऱ्याने आग्नेय कोपऱ्यात जमवलेली मासळी बाहेर खेचायला लागणारी धारच तयार झाली नाही, आणि वाऱ्याने धरून ठेवलेल्या पाण्यामुळे ओहळ पूर्ण आटलाही नाही. ओहोटीच्या शेवटच्या तासालाही थवे कोपऱ्यातच होते.

ज्यांनी दांड्याचं टोक सोडलं आणि आतल्या कडेने चालत ओहळाच्या वरच्या वळणापर्यंत गेले, त्यांना तिथे, कमरेभर पाण्याच्या एका खोलग्यात, दोन जिताडे मिळाले. धार मंद असल्याने आमिष वाहू देऊन उपयोग नव्हता. ते हळूहळू, थांबत थांबत ओढावं लागलं.